दोन उजव्या जागांची नाव

ज्याला पोहता येत नाही त्याने सरकारसाठी नाव निवडू नये, असा नियम आमच्या खात्याच्या नियमपुस्तकात नव्हता. असता, तर मी आयुष्यभर पाण्याच्या कोरड्या बाजूला राहिलो असतो आणि माझ्याकडून दिवाळीसाठी लेख मागावा असे संपादकांना वाटण्याचे काही कारण उरले नसते. मागितल्यावरही मी बरेच दिवस टाळाटाळ केली. स्वतःविषयी बोलण्याची मला सवय नाही. आणि माझ्या नोकरीतली जी एक हकिगत सांगण्यासारखी आहे ती ऐकताना लोक आधी माझ्याकडे व नंतर एकमेकांकडे पाहतात, असा अनुभव आहे.

नोकरीला मी उशिरा लागलो. आमच्या घराण्याकडे ग्वाल्हेरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पुराण सांगण्याचे काम होते. वडिलांनी मला कॉलेजात घातले, मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो आणि ग्वाल्हेरच्या कंपू नावाच्या वस्तीतल्या एका सरदारांच्या घरी मुलांचा शिक्षक म्हणून राहिलो. संस्थाने विलीन झाली तेव्हा सरदारांना खर्च आवरता घ्यावा लागला. त्या घरातून आधी संस्कृत गेले, मग घोडे गेले. तो क्रम पाहून मला थोडे वाईट वाटले. चाळिशीला टेकलो असताना मी आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज लिहिला. अर्जात 'विशेष अभ्यास' या सदराखाली माझ्या प्रबंधाचा विषय लिहिला होता : प्राचीन ग्रंथांतील नौकाविषयक उल्लेख. मुलाखत घेणाऱ्यांनी तो 'नौका' या शब्दापर्यंत वाचला आणि मला जलाशयांच्या शाखेत नेमले. त्यांची चूक दुरुस्त करावी असे मनात आले होते. परंतु तोपर्यंत पुढच्या उमेदवाराला आत बोलावले गेले होते.

ते दिवस कसे होते हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. ग्वाल्हेर, इंदूर आणि भोवतालची लहान संस्थाने एकत्र करून मध्य भारत नावाचे राज्य झाले होते. राजधानी कोणाची यावर तोड अशी निघाली की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. वर्षातून दोनदा सगळे कार्यालय, कपाटे, टंकयंत्रे आणि मधल्या सुटीतल्या चहाची किटली यांसह मालमोटारींत बसून जात असे. आमच्या खात्याचे नाव त्या काळात इतक्या वेळा बदलले की पाटी रंगवणारा शेवटी फक्त 'खाते' एवढे पक्क्या रंगाने लिहून ठेवी आणि बाकीचे खडूने.

शाखेला दोन उपसंचालक होते. एक ग्वाल्हेरचे फणसेसाहेब, दुसरे इंदूरचे मुळ्येसाहेब. दोन राज्यांच्या नोकरवर्गाची एकत्र ज्येष्ठता-यादी अजून लागायची होती, त्यामुळे या दोघांत वरिष्ठ कोण हे परमेश्वरालाही सांगता आले नसते. दोघेही दरबारी वळणात वाढलेले. दरबारात उजव्या हाताची बाजू मानाची. तिथे कोण बसतो यावरून त्याची पायरी कळे, आणि आमच्याकडच्या मराठी घरांत लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा हिशेब पाळला जाई. त्यामुळे बैठक असली की फणसेसाहेब उजवी खुर्ची धरायला लवकर येत, म्हणून मुळ्येसाहेब त्याहून लवकर येत. शेवटी संचालकांनी खुर्च्या काढून टाकल्या. आमच्या बैठका उभ्याने होत असत.

नावेचा प्रश्न आणला तो सिंधूताईंनी. या सरकारी दवाखान्यातल्या नर्स; घराणे फौजेतले, आवाजही तसाच. शहराला पाणी पुरवणाऱ्या तिघऱ्याच्या जलाशयापलीकडे काही पुरे आहेत, पुरे म्हणजे वाड्या. पावसाळ्यात नाल्यांना पाणी चढले की तिकडची वाट बंद होई. तिथल्या कहार नावाड्यांच्या लहान डोंग्या होत्या, पण पावसाळी वाऱ्यात त्या पाण्यात घालायला कहारच तयार नसत. पलीकडच्या एका पुऱ्यात रामकली नावाची बाई होती. मागच्या श्रावणात ती अडली, सिंधूताई अलीकडच्या काठावर दिवसभर उभ्या राहिल्या आणि मूल गेले. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि तेही पुन्हा श्रावणातच भरणार होते.

"मास्तर," त्या मला म्हणाल्या. मी शिकवत असे हे त्यांना ठाऊक होते. "पावसाच्या आधी मोटरीची नाव पाहिजे. तुम्ही नावेवर मोठी पोथी लिहिली आहे म्हणे."

"ती नावांच्या उल्लेखांवर आहे."

"मग उल्लेख पुरे झाले. आता नाव आणा."

मंजुरी मिळाली, परंतु ती जुन्या नावेची व जुन्या मोटरीची, आणि रक्कम एवढी की अधिकाऱ्यांनी ती सांगताना आवाज खाली आणला. शिवाय कार्यालय इंदूरला निघण्यापूर्वी दोन्ही उपसंचालकांनी पाण्यावर चाचणी घेऊन एकत्र अहवाल दिला नाही, तर मंजुरी रद्द होणार होती.

मी जे करतो ते प्रथम वाचून करतो. नाव आणि मोटर यांवर जी काही इंग्रजी पुस्तके ग्रंथालयात मिळाली ती वाचली, आणि त्यांतून कळलेले थोडक्यात सांगतो. कोणाला उपयोग होईल. थोड्या पैशांत घ्यायचे असेल तर आधी पाणी पाहावे, मग नाव, आणि मोटर सर्वांत शेवटी. लोक उलट करतात, कारण मोटर चकाकते. जुन्या नावेचा रंग पाहू नये. तळावर बोटाच्या पेराने ठोकत जावे. चांगले लाकूड खणखणते, कुजलेले गप्प बसते. बसायच्या फळ्यांखाली आणि कोपऱ्यांत जिथे पाणी साचून राहते तिथे दाभण टोचून पाहावा. सर्वांत महत्त्वाची ती मागची उभी फळी, कारण मोटर बाहेरून तिलाच अडकवायची असते. ती सैल असेल तर मोटर एके दिवशी फळीसह तळाशी जाते. त्या फळीची उंची आणि मोटरीच्या दांड्याची लांबी यांचे जमले पाहिजे, नाहीतर पंखा हवेत फिरतो. आणि सगळे पैसे नाव-मोटरीवर घालू नयेत. वल्ही, दोर व बुडणाऱ्याला धरायची तरंगणारी कडी यांसाठी काही मागे ठेवावे. मोटर बंद पडणार हे धरूनच चालावे.

ग्वाल्हेरला समुद्र नाही, त्यामुळे नावांचा बाजारही नाही. पहिली नाव मला एका बागेत दाखवली गेली. तिला हंसाची मान होती, डोळे काचेचे होते आणि अंगावर चांदीचा वर्ख होता. मी दाभण टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. माळी म्हणाला, "पंडितजी, इसे पानी में थोड़े ही डालना है." दुसरी नाव नई सडकेवर एका भंगारवाल्याकडे होती. ती लढाईच्या काळातली, घडीची, कॅनव्हासची. त्याने ती उलटी करून दुकानावर छप्पर म्हणून घातली होती. तिला उंदरांनी जागोजाग खिडक्या पाडल्या होत्या. तो म्हणाला की छप्पर म्हणून ती गळत नाही. मी वर पाहिले, तेव्हा एक थेंब चष्म्यावर पडला.

तिसरी नाव मी बारा महिने, बरीच वर्षे पाहत आलो होतो आणि ती नाव आहे हे मला ठाऊक नव्हते. ज्या सरदारांकडे मी शिकवत असे त्या आप्पासाहेबांच्या गोठ्यात म्हशींना चारा घालायची एक लांब लाकडी गव्हाण होती. तिचे एक टोक निमुळते का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुस्तके वाचल्यावर तो एकदम पडला. मी गोठ्यात जाऊन चारा बाजूला केला. ती आप्पासाहेबांच्या वडिलांची बदकांच्या शिकारीची नाव होती. मी तळ ठोकला, तो खणखणला. कोरडी पडलेली नाव तडकते. परंतु इथे रोजचा ओला चारा, सांडलेले पाणी आणि म्हशींच्या जिभा यांनी लाकूड सतत ओलसर राहिले होते. इतकी निगा कोणत्याही बोटक्लबात राखली गेली नसती.

अडचण अशी की सरदार वस्तू विकत नाहीत.

"शास्त्रीबुवा," आप्पासाहेब म्हणाले, "आमच्या घराण्यात दिलेले आहे, जिंकलेले आहे, हरलेलेही आहे. विकलेले नाही."

"मग नजर म्हणून?"

"सरकारला नजर? काल आमचे गाव नेले त्यांनी. आज नाव देऊ?" त्यांनी गोठ्याकडे पाहिले. "आणि म्हशी खाणार कशात?"

तिथे मला वाट दिसली. आम्ही अदलाबदल केली. सरकारने एक नवी गव्हाण विकत घेतली आणि तिच्या बदल्यात नाव घेतली. जलाशयांच्या शाखेने गव्हाण का खरेदी केली, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे हिशेब तपासणाऱ्यांना पडत राहिला. आप्पासाहेब मात्र नवी गव्हाण घेताना फार काटेकोर होते. त्यांनी तिचा तळ पेराने ठोकला, कोपऱ्यांत काठी टोचली, आणि दोन म्हशींना आणून तिच्यासमोर उभे केले. म्हशींनी तोंड घातल्यावरच त्यांनी मान हलवली.

मोटर नई सडकेवरच्या गफूर मिस्त्रींनी शोधून काढली. मिस्त्री पिठाच्या गिरण्यांची इंजिने दुरुस्त करत. पाण्यातली मोटर त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती आणि ही गोष्ट ते कोणाला जाणवू देत नव्हते. मोटर एका हलवायाकडे होती. कोण्या हौशी जहागीरदाराची ती शिकार-मोसमातली वस्तू हलवायाने लिलावात घेतली होती आणि पिंपाच्या काठावर अडकवून तिच्या पंख्याने तो ताक घुसळत असे.

जुन्या मोटरीचे परीक्षण करताना खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्यावेत, असे पुस्तकात होते. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरते आहे, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी गेली आहे. मी थेंब बोटावर घेतले. ते दुधाळ होते.

"पाणी शिरते आहे," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझे बोट आपल्या नाकाशी नेले. "पानी कहाँ, मास्टरसाहब. खालिस छाछ है. मशीन में ऐब होता तो पानी निकलता. ये तो धंधे की बात है."

मला कोणाला खोडून काढणे जमत नाही. परंतु रामकलीचा विचार मनात आला आणि मी खाली पाहत म्हणालो, "मिस्त्रीजी, जहाँ से छाछ जा सकती है, वहाँ से पानी भी जाएगा."

मिस्त्रींनी माझे बोट सोडले. मग हलवायाला म्हणाले, "देखा? पढ़े-लिखे आदमी हैं. दाम कम करो." कडी त्यांनी स्वतः बदलली.

अशी मोटर कोरडी चालवू नये, कारण ती पाणी ओढूनच स्वतःला थंड ठेवते. म्हणून मिस्त्रींनी ती आप्पासाहेबांच्या गोठ्यातल्या हौदाच्या काठावर अडकवली, चाकाभोवती दोरी गुंडाळली आणि ओढली. पहिल्या खेपेला काही झाले नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेला ती सुरू झाली आणि हौदातले सारे पाणी उठून आप्पासाहेबांच्या अंगावर गेले. ते खुर्चीतून हलले नाहीत. मिशा पुसून म्हणाले, "जोर आहे." ती मोटर पुढे आयुष्यभर तिसऱ्याच खेपेला सुरू होत राहिली.

चाचणीच्या दिवशी तिघऱ्याला फणसेसाहेब दरबारी पगडी घालून आले. मुळ्येसाहेबांनी ती पाहिली आणि आपल्या गाडीत जाऊन तेही पगडी घालून परत आले. मोटर चालवायला मी मागे बसलो. नावेत मध्यावर बसायची एकच आडवी फळी होती, तिच्यावर दोन माणसे ऐसपैस बसत. फणसेसाहेब चढले आणि फळीच्या उजव्या टोकाला बसले. मुळ्येसाहेब चढले, रिकाम्या डाव्या टोकाकडे त्यांनी पाहिले, आणि तेही उजव्या टोकाला बसले.

"जरा सरका की," मुळ्येसाहेब म्हणाले.

"सरकायला मला काही हरकत नाही. पण जागा तर तिकडे इतकी पडली आहे."

"ती तुम्ही घ्या ना मग. मी तर आलेला पाहुणा आहे."

"पाहुणा कसला? राज्य तर एकच आहे म्हणता ना तुम्ही लोक?"

एका फळीवर, एकाच टोकाला, दोन उपसंचालक. नाव उजवीकडे झुकली. मी डावीकडे इतका वाकलो की माझे डोके पाण्यावर लोंबू लागले, परंतु माझ्या वजनाचा खात्यात कधीच विशेष परिणाम झालेला नव्हता. मी दोरी ओढली. मोटर सुरू झाली, नाव थोडी पुढे गेली, आणि काठावरच्या कोण्या अधिकाऱ्याला मान देण्यासाठी दोघे एकदम उजवीकडे वळून लवले. उजवी कड पाण्याखाली गेली. मोटरीचा पंखा पाण्याबाहेर निघून हवेत किंचाळू लागला. सुदैवाने पाणी कमरेइतकेच होते. दोन्ही साहेब त्यात समोरासमोर उभे होते आणि दोन्ही पगड्या शेजारी शेजारी तरंगत चालल्या होत्या. त्यांच्यात पुढे कोणती आहे, हे दोघेही पाहत होते.

त्या दोघांचे ज्यावर एकमत झाले असे माझ्या माहितीतले पहिले मत त्या संध्याकाळी नोंदले गेले : नाव स्वभावतः उजवीकडे झुकणारी असून ती जिच्याकडून घेतली तिला परत करावी. 'तिला' म्हणजे कोणाला हे स्पष्ट केलेले नव्हते. बहुधा म्हैस अभिप्रेत असावी. पुन्हा चाचणी घ्यायची की मंजुरी रद्द करायची, हे दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ठरणार होते. आवारात मालमोटारी लागल्या होत्या.

सिंधूताईंनी मला फाटकाशीच गाठले. "मास्तर, मी काठावर उभी होते. नावेत काही दोष नाही, आंधळ्यालाही दिसेल. तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी सर्वांत कनिष्ठ आहे, सिंधूताई. आणि ते दोघे..."

"रामकली काल चालत आली होती, एवढ्या उन्हात. विचारत होती, नाव आली का. मी हो म्हटले. आता तिचे पोट तुमच्या ज्येष्ठतेच्या यादीसाठी थांबणार आहे का?"

मी काही बोललो नाही. न बोलणे हेच माझ्या स्वभावाला सोपे जाते. पण उत्तर नसल्यामुळे गप्प राहणे आणि स्वभावामुळे गप्प राहणे यांत फरक असतो, हे मला त्या फाटकाशी प्रथम कळले.

बैठक नेहमीप्रमाणे उभ्याने भरली. फणसेसाहेब आणि मुळ्येसाहेब समोरासमोर उभे राहून नावेचे दोष सांगत होते, आणि नाव कोणत्या बाजूला झुकली हे दाखवण्यासाठी दोघांनीही आपापला उजवा हात पसरला. फणसेसाहेबांचा हात खिडकीकडे गेला. मुळ्येसाहेबांचा दाराकडे. मी भिंतीशी उभा होतो. मी खिडकीकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

"साहेब, एक विनंती आहे."

सगळे वळले. संचालकांना मी बोलू शकतो हे नवीन असावे.

"दोघांनाही उजवी बाजू देता येईल," मी म्हणालो. "म्हणजे, मला असे वाटते. एकांनी पुढे तोंड करून बसावे आणि दुसऱ्यांनी मागे. फळी एकच राहील, कोणी कोणाच्या पुढे नाही. फणसेसाहेबांच्या उजवीकडे एक टोक येईल, मुळ्येसाहेबांच्या उजवीकडे दुसरे."

दोघेही मनातल्या मनात नावेत बसून पाहत होते.

"पण पुढे तोंड कोणाचे?" मुळ्येसाहेबांनी विचारले.

"जाताना फणसेसाहेबांचे, येताना आपले," मी म्हणालो. "हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर, तसे."

संचालक म्हणाले की यात घटनेला धरून नसलेले काही त्यांना दिसत नाही.

दुसरी चाचणी यथासांग पार पडली. दोन साहेब एका फळीवर खांद्याला खांदा लावून, एक तिघऱ्याच्या धरणाकडे आणि एक माझ्याकडे तोंड करून बसले होते. नाव पाण्यावर ताटासारखी सपाट चालली. परत फिरण्यापूर्वी दोघांनी उठून दिशा आणि टोके बदलली, तो तेवढा एक क्षण मी डोळे मिटून घेतला. अहवालावर एकाने कागदाच्या पुढे आणि दुसऱ्याने मागे सही केली. मात्र ही व्यवस्था कायम राहावी म्हणून त्यांनी फळीच्या दोन्ही टोकांवर पांढऱ्या रंगात अक्षरे काढायला लावली : 'उजवी जागा'. दोन्हीकडे तेच, एकमेकांच्या उलट दिशेने. कार्यालय इंदूरला गेले आणि मला नावेबरोबर मागे ठेवण्यात आले.

श्रावणात पुऱ्यातून निरोप आला. आभाळ भरून आले होते आणि पाण्यावर वारा होता. सिंधूताई पेटी घेऊन फळीच्या एका टोकाला बसल्या. कोणत्या, ते त्यांनी पाहिलेही नाही. तिसऱ्या खेपेला मोटर सुरू झाली. जलाशयाच्या मध्यावर पंखा कशाला तरी, बहुधा बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला, अडकला आणि खाडकन आवाज झाला. मोटर जोरात फिरू लागली पण नाव जागची हलेना.

हेही सांगून ठेवतो. पंखा आणि दांडा यांच्यामध्ये एक मऊ धातूची पिन असते. ती मुद्दाम दुबळी ठेवलेली असते; ठोकर बसली की ती मोडते आणि मोटर वाचते. म्हणून सुटी पिन नेहमी जवळ असावी. खिशातली पडते, पेटीतली ऐन वेळी सापडत नाही. आमच्या घरात किल्ल्या जानव्याला बांधण्याची रीत आहे. मी पिना जानव्याला बांधल्या होत्या.

मोटर उचलून पंखा वर घेतला, आणि तिथवर हात पोचवायला मला मागच्या फळीवरून पाण्यावर ओणवे व्हावे लागले. लाटा हाताला लागत होत्या. माझे ओठ हलत असावेत.

"मास्तर, स्तोत्र मनातल्या मनात म्हणा," मागून सिंधूताई म्हणाल्या. "हात चालू द्या. तुमच्या धोतराचा सोगा माझ्या मुठीत आहे."

"तो निघून आला तर?"

"तर तुम्ही बुडाल आणि मी लाजेन. लवकर करा."

पिन बसली. पलीकडे पोचलो तेव्हा रामकलीचा आवाज बसलेला होता. मी बाहेर ओसरीवर थांबलो. सिंधूताईंनी बाहेर येऊन मुलगी झाल्याचे सांगितले, पण आईचे रक्त थांबत नव्हते आणि तिला कंपूच्या इस्पितळात नेल्याशिवाय भागणार नव्हते. आम्ही रामकलीला गोधडीवर उचलून नावेच्या तळाशी, अगदी मधोमध, फळीच्या खाली पाय जातील असे निजवले. मूल तिच्या कुशीत होते. सिंधूताई तिच्या पोटावर हात दाबून तळाशीच गुडघ्यांवर बसल्या. फळीवर कोणीच नव्हते. दोन्ही उजव्या जागा रिकाम्या होत्या, वारा वाढला होता, आणि नाव तशी स्थिर मी पूर्वी किंवा नंतर कधी पाहिली नाही. पुस्तकात ते मी वाचले होते : वजन खाली आणि मध्यावर असावे. परंतु आमच्या खात्यात मध्यावर बसायला कोणी तयार होईल असे मला वाटले नव्हते.

रामकली वाचली.

मग काही वर्षांनी राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारत मोठ्या प्रदेशात मिळाले आणि राजधानी भोपाळला गेली. दोन्ही साहेब ज्येष्ठतेची यादी लागण्यापूर्वीच निवृत्त झाले होते. माझी बदलीही भोपाळला झाली. तिथे मोठे तलाव आहेत, पण मला कोणी नाव निवडायला सांगितले नाही, आणि पोहायलाही मी शिकलो नाही. दोन्हींची मला खंत आहे.

जाण्यापूर्वी नाव नव्या कार्यालयाच्या ताब्यात द्यायची होती. मोजदादीला एक तरुण तपासनीस तिघऱ्याला आला. फार व्यवस्थित माणूस. त्याने वल्ही पाहिली, दोर पाहिला, मोटरीला हात लावला. मग फळीवरची अक्षरे वाचली आणि थबकला.

"दाहिनी सीट, दो नग," तो म्हणाला. "बाईं कहाँ गई?"

मी सांगितले की डावी कधी नव्हतीच.

"ऐसा कैसे हो सकता है? नाव में बाईं सीट होती ही है. किसने निकाली? जवाब तो देना पड़ेगा." तो खात्री करायला नावेत चढला आणि फळीच्या एका टोकाला बसला. नाव त्याच्या बाजूला झुकली. त्याने दोन्ही हातांनी कड धरली.

इतक्या वर्षांत मी कोणत्याही अधिकाऱ्याला उलट उत्तर दिले नव्हते. तरी म्हणालो, "साहब, जहाँ आप नहीं बैठे हैं, वही बाईं है."

त्याने समोरच्या टोकाकडे पाहिले. खूप विचार केला आणि कागदावर लिहिले : बाईं सीट, रिक्त.

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन रामकली काठावर आली; सोबत त्या श्रावणात जन्मलेली मुलगी होती. तिला पलीकडे घरी जायचे होते. तिने मुलीला उचलून आत घेतले, तपासनीसाकडे पाठ करून पलीकडच्या टोकाला बसली आणि मुलीला मांडीवर ओढले. नाव सरळ झाली. मी चाकाभोवती दोरी गुंडाळली, आणि तिसऱ्या खेपेला आम्ही निघालो.